जुन्या मिग-२१ किटला सुट्या भागांची जोड : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठ-सत्तरच्या दशकांतल्या साच्यांमधून निघालेले १/७२ प्रमाणाचे मिग-२१ चे प्लास्टिक किट हाती असेल आणि त्यातून भारतीय हवाई दलाचे १९७१ च्या सुमाराचे मिग-२१ एफएल उभे करायचे असेल, तर जे प्रश्न हमखास पडतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उदाहरण एकाच विमानाचे घेतले आहे. मात्र मोजण्याची, पारखण्याची आणि जोडण्याची रीत इतर जुन्या किटलाही लागू पडते.

किट जुने आहे हे कसे ओळखावे? डब्यावर तर अलीकडचे साल छापलेले आहे.

डब्यावरचे साल हे बहुधा छपाईचे असते, साच्याचे नसते. पोलादी साचा पन्नास वर्षेही टिकतो, एका कंपनीकडून दुसरीकडे जातो आणि दर वेळी नव्या चित्राच्या डब्यातून बाहेर येतो. ब्रिटनच्या फ्रॉग कंपनीचे कितीतरी साचे सत्तरच्या दशकात सोव्हिएत संघात गेले आणि तेच किट नोव्हो या नावाने विकले गेले, हे या छंदातले प्रसिद्ध उदाहरण आहे. त्यामुळे डब्याकडे न पाहता प्लास्टिककडे पाहावे. पत्र्यांच्या जोडाच्या रेषा खोदलेल्या नसून उठावदार आहेत, रिव्हेट मोहरीच्या दाण्यासारखे वर आलेले आहेत, कॉकपिटच्या जागी एक आडवी पट्टी आणि तिच्यावर बसवायचा जाड्या वैमानिक एवढेच दिले आहे, चाकांच्या खोबणी उथळ आहेत आणि कॅनॉपी (कॉकपिटवरचे पारदर्शक झाकण) भिंगासारखी जाड आहे, अशी लक्षणे दिसली की साचा जुना समजावा.

मिग-२१ च्या बाबतीत आणखी एक कारण आहे. हे विमान शीतयुद्धाच्या पलीकडच्या बाजूचे होते. १६ ऑगस्ट १९६६ रोजी इराकच्या एका वैमानिकाने आपले मिग-२१ इस्राएलमध्ये उतरवले, तोपर्यंत पाश्चात्त्य तज्ज्ञांना ते जवळून, निवांतपणे तपासायची फारशी संधी मिळालेली नव्हती. त्या काळातली किट मर्यादित छायाचित्रांच्या आधारे आखली गेली, हे लक्षात घेतले की त्यांच्या चुकांवर चिडायचे कारण उरत नाही.

आज उत्तम नवी किट मिळत असताना जुन्यावर मेहनत कशासाठी घ्यावी?

केवळ अचूक मॉडेल हवे असेल, तर मेहनत घेऊ नये. सरळ नवे किट घ्यावे. जुन्या किटवर पाच-सहा सुटे भाग विकत घेऊन बसवले, तर खर्च नव्या किटच्या पुढे जातो आणि तरीही अचूकतेत ते मागेच राहते. जुने किट घ्यायचे ते दोन कारणांसाठी. एक तर ते आपल्याकडे आधीच पडून असते, बहुधा कोणीतरी लहानपणी भेट दिलेले असते. दुसरे म्हणजे सुट्या भागांच्या डब्यात साठलेला माल वापरण्याची आणि हात सुधारण्याची अशी मुभा महागड्या किटवर मिळत नाही. तेथे ब्लेड लावतानाच हात थरथरतो. म्हणून माझा नियम असा आहे की जुन्या किटसाठी विकतचे भाग फार तर दोन घ्यावेत आणि बाकी सारे डब्यातून किंवा घरातल्या वस्तूंतून उभे करावे.

सुटे भाग मिळतात कोठून?

सर्वांत मोठा साठा नव्या किटच्या उरलेल्या स्प्रूंमध्ये (भाग ज्यांना जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटींमध्ये) असतो. हल्लीच्या किटमध्ये एकच स्प्रू विमानाच्या अनेक उपप्रकारांसाठी वापरतात, त्यामुळे एक मिग-२१ एमएफ बांधून झाले की क्षेपणास्त्रे, रॉकेटचे पॉड (नळकांडी), टाक्या आणि पायलॉन (ते टांगायचे आधार) यांचा अर्धा स्प्रू शिल्लक राहतो. दुसरा साठा म्हणजे पडून मोडलेली मॉडेल. ती फेकण्यापूर्वी त्यांची चाके, लँडिंग गिअरचे पाय आणि पारदर्शक भाग काढून ठेवावेत. तिसरा साठा रेझिनच्या आणि धातूच्या विकतच्या भागांचा आहे. चेक प्रजासत्ताकातील एडुअर्ड, एअर्स, सीएमके आणि पोलंडमधील मास्टर यांचे भाग या क्षेत्रात सर्वांना परिचित आहेत. ते परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क यांचा हिशेब आधीच करावा, कारण तळहातावर मावणाऱ्या आसनाचा टपालखर्च आसनापेक्षा जास्त होऊ शकतो. छंदी मंडळींच्या आपसातल्या देवाणघेवाणीत हाच भाग पुष्कळदा फुकट मिळून जातो.

सुरुवात कोठून करावी?

मोजण्यापासून करावी. डिंकाची बाटली उघडण्यापूर्वी किटचे मोठे भाग कोरडेच टेपने जोडून पाहावेत आणि प्लास्टिकच्या व्हर्नियरने मापे घ्यावीत. १/७२ हे प्रमाण सहा फुटांना एक इंच या ब्रिटिश हिशेबातून आले असले, तरी आपल्याला मिलिमीटर सोयीचे पडतात. खऱ्या विमानाचे माप मिलिमीटरमध्ये घेऊन त्याला ७२ ने भागले की काम झाले. मिग-२१ च्या पंखांचा विस्तार ७.१५४ मीटर आहे, म्हणजे मॉडेलवर तो ९९.४ मिलिमीटर यायला हवा. पंखाच्या पुढच्या कडेचा कोन ५७ अंशांचा आहे, तो शाळेच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाने तपासता येतो. पंख मुळापासून टोकाकडे किंचित खाली, दोन अंशांनी, झुकलेले असतात. जुन्या किटमध्ये सैल खाचांमुळे ते आडवे सरळ किंवा वर उचललेले बसतात, आणि एवढ्या एका चुकीने विमान ओळखू येईनासे होते.

मापात एखाद-दुसऱ्या मिलिमीटरचा फरक आढळला तर तो सोडून द्यावा. धडाचा घेर किंवा शेपटाचा आकार मुळातच चुकला असेल, तर तो सुट्या भागांनी सुधारत नाही, हे मान्य करून पुढे जावे.

एफएल म्हणजे नेमके कोणते मिग-२१? माझ्या डब्यातले भाग त्याला चालतील का?

सर्वाधिक चुका येथेच होतात, म्हणून हे उत्तर लांबले आहे.

मिग-२१ चे भारतीय हवाई दलात १९६३ साली आगमन झाले ते एफ-१३ या उपप्रकारापासून. पहिली विमाने २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनला मिळाली. त्यानंतर मोठ्या संख्येने आले ते एफएल, ज्याला हवाई दलात टाइप ७७ म्हणत. याचेच परवान्याखालील उत्पादन हिंदुस्थान एअरोनॉटिक्सने नाशिकजवळ ओझरला केले. इंजिने कोरापुटला आणि विद्युत-उपकरणे हैदराबादला तयार होत. पुढे ओझरला मिग-२१ एम आणि बिस हेही बांधले गेले. नाशिकच्या जुन्या रहिवाशांना या विमानाचा आवाज घड्याळाच्या ठोक्यासारखा परिचित होता. शेवटची मिग-२१ बिस २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे निवृत्त झाली.

हे उपप्रकार लांबून सारखे दिसतात, पण सुटे भाग एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत. एफएलची कॅनॉपी एकसंध असून ती पुढच्या बाजूला बिजागरी असल्याप्रमाणे उघडते, आणि तिच्याखाली एसके प्रकारचे उत्सर्जन-आसन (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारे) असते. नंतरच्या एम, एमएफ आणि बिसमध्ये समोरची काच स्थिर राहते, मागचा भाग उजवीकडे कलंडून उघडतो आणि आत केएम-१ आसन असते. हल्ली डब्यात उरणारे आसन आणि कॅनॉपी ही बहुधा एमएफची किंवा बिसची असतात. ती एफएलच्या धडावर थोडीशी घासून बसतातही, आणि घात तेथेच होतो. मी स्वतः एका मॉडेलमध्ये सुरेख रेझिनचे केएम-१ आसन बसवले, पट्ट्यांपासून हँडलपर्यंत रंगवले, आणि कॅनॉपी चिकटवल्यावर एका जुन्या छायाचित्राकडे लक्ष जाऊन कळले की ते आसन या विमानात कधी नव्हतेच. सुटा भाग बसतो म्हणून लावायचा नसतो. त्या विमानाला तो होता म्हणून लावायचा असतो.

याच न्यायाने आणखी काही फरक पाहावेत. एफएलच्या पंखांखाली दोनच पायलॉन असतात, एम आणि बिसला चार असतात. एफएलच्या पाठीवरचा उंचवटा सडपातळ असतो, एम आणि त्यानंतरच्या प्रकारांत तो फुगीर होत जातो. नाकावरची पिटो नळी (वेग मोजण्यासाठी पुढे काढलेली बारीक नळी) एफ-१३ मध्ये हवेच्या मुखाखाली असते, पीएफ (ज्यावरून एफएल बेतले तो सोव्हिएत उपप्रकार) आणि एफएलमध्ये ती मुखाच्या वर मध्यावर येते आणि एमपासून उजवीकडे सरकते. आपले जुने किट एफ-१३ चे निघाले, म्हणजे नाक अरुंद आणि मुखातला शंकू लहान असला, तर त्याचे एफएल करण्याच्या भानगडीत पडू नये. त्यापेक्षा १९६३ चे पहिले, चकचकीत धातूच्या रंगाचे भारतीय मिग करावे. ते तर अधिक दुर्मिळ दिसते.

चाके बदलावीत का?

अवश्य बदलावीत. कमी कष्टात सर्वाधिक फरक पडतो तो चाकांनी. एफ-१३ ची मुख्य चाके ६६० मिलिमीटर व्यासाची होती. पीएफपासून ती ८०० मिलिमीटरची झाली आणि त्यांना सामावून घेण्यासाठी धडावर फुगवटे आले. १/७२ मध्ये हे व्यास अनुक्रमे ९.२ आणि ११.१ मिलिमीटर होतात. पुढचे चाक ५०० मिलिमीटरचे, म्हणजे मॉडेलवर जेमतेम ७ मिलिमीटरचे असते. डब्यातले चाक कोणत्या विमानाचे आहे याला महत्त्व नाही. व्यास, जाडी आणि मधल्या तबकडीचा नमुना जुळला की ते घ्यावे. तबकडी सोव्हिएत पद्धतीच्या उजळ हिरव्या रंगाने रंगवली की परके चाकही आपलेसे दिसते. टायरचा जमिनीला टेकणारा भाग कानशीने अगदी थोडा सपाट करावा. जास्त केला तर विमान पंक्चर झाल्यासारखे दिसते.

कॉकपिट किती भरावे?

कॅनॉपी बंद ठेवणार असल्यास आसन, नियंत्रणदांडा, समोरच्या फलकाचा आकार आणि बाजूचे दोन पट्टे एवढे पुरे आहे. जुन्या किटमध्ये कॉकपिटची जागा बहुधा भरीव असते, ती आधी कोरून काढावी लागते. त्यासाठी आतून ओळीने बारीक भोके पाडावीत, ब्लेडने ती जोडावीत आणि मग कानशीने कड सारखी करावी. रेझिनचा पूर्ण टब (कॉकपिटचा तयार आतला भाग) आणला असेल, तर धडाच्या दोन्ही भिंती आतून इतक्या खरवडाव्या लागतात की उजेडात प्लास्टिक पारदर्शक दिसू लागते. या कामात घाई केली तर भिंत फुटते. टब बसवून धड पुन:पुन्हा कोरडे मिटवून पाहावे. दोन अर्धुके जोर न लावता मिटत नाहीत तोवर डिंक लावू नये.

विकतचे एसके आसन मिळाले नाही, तर डब्यातले कोणतेही सोव्हिएत आसन जसेच्या तसे वापरण्याऐवजी प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचे साधे आसन करून त्यावर वाइनच्या बाटलीच्या टोपणावरील मऊ धातूच्या पत्र्याचे किंवा चॉकलेटच्या वेष्टनाचे पट्टे लावावेत. बंद कॅनॉपीतून दिसतात ते पट्टे आणि डोक्यामागचा टेका.

कॅनॉपी जाड आहे. काय करावे?

दीड मिलिमीटर जाडीची कॅनॉपी म्हणजे खऱ्या मापात जवळजवळ ११ सेंटिमीटरची काच. ती बंद ठेवल्यास फार खटकत नाही. बारीक वॉटर पेपरने क्रमाक्रमाने घासून, टूथपेस्टने पॉलिश करून आणि शेवटी पारदर्शक अॅक्रिलिक फ्लोअर-पॉलिशमध्ये बुडवून ती पुष्कळ स्वच्छ होते. उघडी दाखवायची असेल तर मात्र पातळ कॅनॉपी करावीच लागते. किटची कॅनॉपी आतून एपॉक्सीने भरून साचा करावा, एका काठीवर बसवावा आणि ब्लिस्टर पॅकच्या पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा मेणबत्तीच्या उष्णतेवर मऊ होताच त्यावर झटक्यात ओढावा. पहिले चार-पाच तुकडे वाया जातात. एफएलची कॅनॉपी एकसंध असल्याने ती दोन तुकड्यांत कापण्याची कटकट येथे नसते, एवढाच काय तो दिलासा.

क्षेपणास्त्रे दुसऱ्या विमानाच्या किटमधली चालतील का?

चालतील, आणि या प्रश्नामागे एक मजेदार इतिहास आहे. १९५८ साली तैवानच्या सामुद्रधुनीवरील हवाई चकमकीत एक अमेरिकन साइडवाइंडर क्षेपणास्त्र चिनी मिग-१७ मध्ये न फुटता अडकून राहिले. ते सोव्हिएत संघाकडे गेले आणि त्याच्या अभ्यासातून मिग-२१ चे के-१३ क्षेपणास्त्र तयार झाले. त्यामुळे के-१३ चा आकार साइडवाइंडरच्या बी आवृत्तीशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. लांबी २.८३ मीटर आणि व्यास १२७ मिलिमीटर, म्हणजे १/७२ मध्ये सुमारे ३९ मिलिमीटर लांब आणि १.८ मिलिमीटर जाड. पाश्चात्त्य एफ-८६ किंवा एफ-१०४ च्या किटमध्ये उरलेली बी आवृत्तीची साइडवाइंडर या मापाशी ताडून पाहावीत आणि जुळल्यास बिनदिक्कत वापरावीत. १९७१ मध्ये पाकिस्तानची एफ-१०४ आणि भारताची मिग-२१ एकमेकांसमोर आली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या पंखांखाली एकाच घराण्यातली क्षेपणास्त्रे होती.

लाँचर-रुळ मात्र पाश्चात्त्य घेऊ नयेत. ते सोव्हिएत किटमधलेच असावेत किंवा प्लास्टिकच्या पट्टीतून करावेत. तसेच साइडवाइंडरच्या नंतरच्या आवृत्त्यांचे पुढचे कल्ले वेगळ्या आकाराचे असतात, ती क्षेपणास्त्रे टाळावीत.

एफएलला तोफ नव्हती, असे वाचले. मग पोटाखाली काय दाखवावे?

अंगभूत तोफ नव्हती हे खरे आहे. त्यासाठी जीपी-९ हा पोटाला चिकटून बसणारा पॉड वापरला जाई आणि त्यात दोन नळ्यांची जीएसएच-२३ तोफ असे. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखाताच्या परिसरात एका मिग-२१ एफएलने पाकिस्तानचे एफ-१०४ पाडले ते या तोफेनेच. पॉड लावल्यावर पोटाखालची इंधनटाकी लावता येत नसे, म्हणून मॉडेलवर दोन्ही एकदम दाखवू नयेत. हा पॉड जुन्या किटमध्ये सहसा नसतो. नव्या मिगच्या स्प्रूवर मिळाला तर उत्तम. न मिळाल्यास डब्यातल्या लहान ड्रॉप टँकचा अर्धा उभा काप घेऊन, पुढे इंजेक्शनच्या बारीक सुईच्या दोन नळ्या लावून आणि छायाचित्राशी ताडत पुटीने आकार देऊन तो तयार करता येतो.

टाकी दाखवायची असल्यास पोटाखाली ४९० लिटरची एकच टाकी असावी. पंखांखाली के-१३ ऐवजी ५७ मिलिमीटर रॉकेटचे सोळा नळ्यांचे पॉडही योग्य ठरतात. १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर मिग-२१ विमानांनी केलेला हल्ला अशा रॉकेटांचाच होता.

पिटो नळी सारखी मोडते. उपाय काय?

प्लास्टिकची पिटो नळी मोडणारच. तिची डागडुजी करण्यात वेळ घालवू नये. विकत घ्यायच्या दोन भागांतला एक भाग म्हणून लेथवर कातलेली पितळी पिटो घ्यावी. ती नको असेल तर वेगवेगळ्या जाडीच्या दोन इंजेक्शनच्या सुया एकीत एक सरकवून फेविक्विकने जोडाव्यात. नाकावर भोक पाडून ठेवावे आणि पिटो अगदी शेवटी, डिकॅल (पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे) आणि वॉर्निशही झाल्यावर, बसवावी.

उठावदार रेषा घासून नव्या खोदाव्यात का?

येथे माझे मत बहुमताच्या विरुद्ध आहे. ०.३ मिलिमीटर रुंदीची खोदलेली रेषा म्हणजे खऱ्या विमानावर २ सेंटिमीटरहून रुंद फट. मिग-२१ च्या पत्र्यात अशी फट कोठेही नाही. सुबक, बारीक उठावदार रेषा ही खोल खणलेल्या चरापेक्षा खऱ्याच्या अधिक जवळची दिसते, विशेषतः रंगाचा थर बसल्यावर. म्हणून मोहरीसारखे रिव्हेट तेवढे घासून टाकावेत, रेषा निम्म्या घासाव्यात, आणि जेथे जोडाची पुटी घासताना रेषा नाहीशी होते तेथेच नवी खोदावी. खोदताना लेबल लावायची जाड प्लास्टिकची टेप पट्टीसारखी चिकटवून तिच्या कडेने कर्कटकाचे टोक हलक्या हाताने तीन-चारदा ओढावे. पहिल्याच ओढीत खोल जायचा प्रयत्न केला की टोक घसरते.

याउलट पंखांची मागची कड घासून पातळ करणे मुळीच टाळू नये. किटमधली एक मिलिमीटरची कड म्हणजे ७ सेंटिमीटरचा ठोकळा होतो. दोन अर्धुके जोडण्यापूर्वी ती आतल्या बाजूने, वॉटर पेपर सपाट काचेवर ठेवून घासावी.

प्लास्टिक, रेझिन आणि धातू एकमेकांना कशाने चिकटवावेत?

प्लास्टिकला प्लास्टिक जोडताना मॉडेलिंगचे पातळ द्रावक वापरावे, कारण ते दोन्ही कडा विरघळवून एकजीव करते. रेझिन आणि धातू यांवर ते निरुपयोगी ठरते. तेथे फेविक्विकसारखा सायनोअॅक्रिलेट डिंक किंवा दोन नळ्यांचा एपॉक्सी लागतो. पारदर्शक भागांजवळ सायनोअॅक्रिलेट वापरू नये, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते; तेथे पांढरा डिंक पुरतो. मोठ्या फटी भरण्यासाठी एम-सील चालते, बारीक जोडांसाठी मोटारीच्या रंगकामातली एनसी पुटी बरी, मात्र ती पातळ थरांतच लावावी, कारण जाड थरातला थिनर प्लास्टिक मऊ करतो.

रेझिनची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. रेझिन ओले करूनच घासावे, मास्क लावावा आणि स्वयंपाकघरात हे काम करू नये. रंगवण्यापूर्वी रेझिनचे भाग भांड्यांच्या साबणाने धुवावेत, नाहीतर साच्यातल्या तेलकटपणामुळे रंग सोलून निघतो. वाकलेला रेझिनचा भाग गरम पाण्यात काही सेकंद धरला की सरळ करता येतो.

मॉडेल मागे कलंडते. नाकात किती वजन घालावे?

मिग-२१ तीन चाकांवर उभे राहते आणि त्याची मुख्य चाके मध्याजवळ असतात, त्यामुळे वजन न घातल्यास ते शेपटीवर बसते. धड मिटवण्यापूर्वी कोरडे जोडून, मुख्य चाकांच्या जागी धडाखाली पेन्सिल ठेवून, तोल पुढे झुकेल इतके वजन मुखातल्या शंकूच्या आत आणि कॉकपिटच्या मागेपुढे भरावे. सायकलच्या दुकानातले पोलादी छर्रे यासाठी उत्तम. शिसे वापरले तर ते पांढऱ्या डिंकाने कधीच चिकटवू नये. डिंकातल्या आम्लाशी शिशाची अभिक्रिया होऊन काही वर्षांत पांढरी फुगीर भुकटी तयार होते आणि ती मॉडेलचे जोड उकलते.

लहानपणी बांधलेले, रंगवलेले मॉडेल सुधारता येईल का?

येईल. जुना एनॅमल रंग गाडीच्या ब्रेक ऑइलमध्ये रात्रभर बुडवून ठेवल्यावर जुन्या टूथब्रशने निघतो. हातमोजे घालावेत आणि पारदर्शक भाग आधी काढून घ्यावेत. शेपटीकडच्या एखाद्या तुकड्यावर आधी चाचणी घेणे शहाणपणाचे. रंग निघाल्यावर जुने जोड ब्लेडच्या मागच्या बाजूने हळूहळू उकलतात. जेथे उकलत नाहीत तेथे ओढाताण न करता बारीक करवतीने कापावे. कापल्याने गेलेली जागा प्लास्टिकच्या पट्टीने भरून निघते, पण मोडलेली कड जुळवणे अवघड जाते.

पिवळी पडलेली डिकॅल वापरावीत का?

पिवळेपणा जातो. डिकॅलचा कागद पातळ पिशवीत घालून खिडकीच्या काचेला, चित्राची बाजू उन्हाकडे करून, काही दिवस चिकटवून ठेवावा. पावसाळ्यात हा उद्योग करू नये. दमटपणाने डिकॅल कागदावरच सुटतात. पिवळेपणापेक्षा तडे जाण्याचा धोका मोठा असतो. म्हणून न लागणारे एक डिकॅल आधी पाण्यात सोडून पाहावे, आणि ते तुटले तर उरलेल्या सर्वांवर पारदर्शक लॅकरचा हात देऊन प्रत्येक चिन्ह वेगळे कापून घ्यावे. भारतीय तिरंगी वर्तुळे आणि शेपटीवरचे पट्टे डब्यातल्या दुसऱ्या कोणत्याही भारतीय विमानाच्या कागदावरून घेता येतात. व्यास तेवढा छायाचित्राशी ताडावा. एफएलचे क्रमांक सी या अक्षराने सुरू होतात, ते सुट्या अक्षरांतून जुळवावे लागतात.

१९७१ च्या विमानाला कोणता रंग द्यावा?

युद्धापूर्वी ही विमाने उघड्या धातूच्या रंगाची होती. युद्धाच्या सुमारास अनेक विमानांवर हिरव्या आणि तपकिरी छटांचा छद्मरंग स्क्वाड्रनच्या पातळीवर, घाईने चढवला गेला, त्यामुळे एकच एक नमुना सांगता येत नाही. ज्या विमानाचे स्पष्ट छायाचित्र आपल्याकडे आहे तेच विमान निवडावे. नाकातला शंकू आणि शेपटीच्या टोकाजवळील अँटेनाचे भाग हिरवे असतात. दिल्लीच्या पालम येथील हवाई दल संग्रहालयात आणि देशभर अनेक चौकांत मिग-२१ पाहायला मिळते. बारकावे टिपायला ही विमाने उपयोगी आहेत, परंतु ती पुन:पुन्हा रंगवलेली असतात आणि त्यांचे काही भाग बदललेले असतात, म्हणून रंगासाठी त्यांच्यावर विसंबू नये. लष्करी हद्दीजवळ छायाचित्र घेण्यापूर्वी परवानगी विचारावी.

काम संपल्यावर उरलेले भाग कसे ठेवावेत?

गोळ्या-औषधांच्या खणांच्या डबीत प्रकारानुसार ठेवावेत आणि प्रत्येक खणात भाग कोणत्या विमानाचा, कोणत्या प्रमाणाचा आणि त्याचे मुख्य माप किती, हे लिहिलेली चिठ्ठी टाकावी. चाकांसाठी व्यास, क्षेपणास्त्रांसाठी लांबी, आसनांसाठी प्रकाराचे नाव. पारदर्शक भाग मऊ कापडात वेगळे गुंडाळावेत, कारण ते इतर भागांशी घासून ओरखडतात. या मिगमधून काढलेला जाड्या वैमानिकसुद्धा टाकू नये. जुन्या किटच्या पुढच्या गिऱ्हाइकाला तो नेमका हवा असतो.